पांढऱ्या कोणाला?

मे २००८. रत्नागिरीतलं एक सभागृह. वर पंख्यांची घरघर, बाहेर आंब्याच्या पेट्या भरत असलेला टेम्पो आणि आत चाळीसेक मुलं. मी अकरा वर्षांचा होतो आणि ती माझी पहिलीच बुद्धिबळ स्पर्धा होती. सात फेऱ्यांची. पहिल्या फेरीत मला काळ्या सोंगट्या आल्या. समोरचा मुलगा माझ्याहून बराच मुरलेला होता, पण त्याने घाईत एक हत्ती फुकट दिला आणि मी जिंकलो. दुसऱ्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी गर्दीत घुसून बोटाने माझं नाव शोधलं. पुन्हा काळ्या. समोर आंबा घाट उतरून आलेला सांगलीचा मुलगा, त्याला मानांकनही होतं.

मी पंचांच्या टेबलाशी गेलो.

"सर, मला परत काळ्या का?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पत्त्यांच्या कॅटसारखा कार्डांचा गठ्ठा चाळला आणि दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "हे बघ. पहिल्या फेरीत तुला काळ्या. त्यालाही काळ्या. आता दोघांनाही पांढऱ्या हव्यात, मिळणार एकालाच. त्याचा नंबर वर आहे."

"म्हणून त्याला?"

"म्हणून त्याला. नियम आहे तसा."

मी हरलो. सोंगट्या काळ्या होत्या म्हणून नाही, तो मुलगा चांगलाच खेळत होता म्हणून. पण अकराव्या वर्षी हे कोण मान्य करतं? घरी येऊन आजोबांपाशी रडगाणं गायलो. आजोबा जुन्या देशी पद्धतीने खेळणारे. ते म्हणाले, "वर नंबर असलेल्याला वर पहिली चाल पण? आमच्यात लहान असेल त्याने आधी खेळायचं."

सरांचं वाक्य आणि आजोबांचं वाक्य, दोन्ही गेली सतरा वर्षं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून आहेत, त्या दोन कार्डांसारखी. पुढे मी इंजिनिअर झालो, सॉफ्टवेअर लिहायला लागलो, आणि एका सुट्टीत उत्सुकतेपोटी स्पर्धांच्या जोड्या लावणाऱ्या प्रोग्रामचा कोड वाचायला घेतला. तेव्हा कळलं की "पांढऱ्या कोणाला?" या प्रश्नाला निदान पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे.

पण फरक पडतो का?

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. पांढऱ्या सोंगट्यांचा खेळाडू पहिली चाल करतो. एवढाच फरक. बाकी सैन्य सारखं, पट सारखा.

तरी फरक पडतो. १९४६ साली स्ट्रीटर नावाच्या अभ्यासकाने १८५१ ते १९३२ या काळातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले ५,५९८ डाव मोजले. पांढऱ्यांना मिळालेले गुण होते ५३.४ टक्के. त्यानंतर अनेकांनी अशी मोजणी केली, आता तर लाखो डावांचे साठे संगणकात आहेत, पण आकडा ५२ ते ५६ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. नवशिक्यांच्या डावात हा फायदा एका चुकीत वाहून जातो. वरच्या पातळीवर मात्र एक पाऊल पुढे असणं म्हणजे डावाची दिशा आपण ठरवणं.

या फायद्याची किंमत थेट मिनिटांत बघायची असेल तर 'आर्मागेडन' नावाचा प्रकार बघावा. बरोबरी काही केल्या सुटत नसेल तेव्हा हा शेवटचा डाव खेळवतात. नॉर्वे चेस स्पर्धेत त्यात पांढऱ्यांना १० मिनिटं मिळतात आणि काळ्यांना ७. मग काळ्यांच्या पदरात काय? डाव बरोबरीत सुटला तरी विजय काळ्यांचा. म्हणजे पहिली चाल आणि तीन जादा मिनिटं एका पारड्यात, अर्ध्या गुणाची सवलत दुसऱ्यात. बाजारात भाव ठरतो तसा हा भाव ठरलेला आहे.

रंग आणि चाल वेगळे होते तेव्हा

आपल्याला वाटतं की 'पांढऱ्यांची पहिली चाल' हा खेळाच्या जन्मापासूनचा नियम असणार. तसं नाही. आपल्याकडच्या जुन्या पटांवर काळी-पांढरी घरं बहुधा नसत, एकाच रंगाची चौसष्ट घरं असत. जुन्या भारतीय संचांत लाल आणि हिरव्या सोंगट्या सर्रास दिसतात. देशी खेळाची रीतही वेगळी. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं. काही ठिकाणी तर दोघांनीही सुरुवातीला आपापल्या अर्ध्या पटावर चार-आठ चाली उरकून घ्यायच्या आणि मग लढाईला तोंड लागायचं. चार चाली एकदम झाल्यावर पहिल्या चालीचं अप्रूप ते काय उरणार!

विलायती पद्धत आपल्याकडे आली ती हळूहळू. त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावरून केलेलं बुद्धिबळाचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापलं गेलं ते १८१४ साली, म्हणजे पेशवाई अजून बुडालेली नव्हती तेव्हा. त्यातली कूटं युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेली आहेत, असं त्याच्या शीर्षकातच सांगितलेलं आहे. म्हणजे एका पटावर दोन रिती नांदतात याची जाणीव तेव्हाही होती. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला १९५१ साली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. तोवर नियम पूर्णपणे आंतरराष्ट्रीय झाले होते. घरोघरच्या ओटीवर मात्र आजोबांच्या पिढीचा देशी डाव चालूच राहिला.

पण विलायतेतही हे फार आधीपासून ठरलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहिली चाल कोणाची आणि रंग कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न होते. बुद्धिबळातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध डाव, ज्याला 'अमर डाव' म्हणतात, तो १८५१ साली लंडनमध्ये अँडरसन आणि किझेरिट्स्की यांच्यात झाला. अँडरसनने त्यात दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली. आजच्या पुस्तकांत तो पांढऱ्यांचा विजय म्हणून छापतात. प्रत्यक्षात अँडरसनपुढे काळ्या सोंगट्या होत्या, फक्त पहिली चाल त्याची होती. १८५८ साली पॅरिसमध्ये मॉर्फीविरुद्धही त्याने काही डावांत काळ्या सोंगट्या घेऊन पहिली चाल केली.

त्या काळातली आणखी एक रीत मला आजोबांची आठवण करून देते. बलवान आणि दुबळा खेळाडू समोरासमोर बसले तर बलवानाने सूट द्यायची. 'प्यादं आणि चाल' ही त्यातली नेहमीची सूट. बलवानाने आपलं एक प्यादं पटावरून उचलायचं आणि पहिली चालही समोरच्याला द्यायची. म्हणजे पहिली चाल हे दुबळ्याला दिलेलं दान होतं. रत्नागिरीतल्या ओटीवर आणि लंडनच्या कॉफीहाऊसात या बाबतीत एकमत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

एक पत्र आणि छापखान्याची सोय

रंग आणि चाल यांची गाठ बांधली गेली ती न्यायासाठी नव्हे, वाचकांच्या सोयीसाठी. डाव छापून येऊ लागले होते. कधी काळे आधी, कधी पांढरे आधी, वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. ऑक्टोबर १८५७ मध्ये न्यू यॉर्कला पहिली अमेरिकन बुद्धिबळ परिषद भरली होती. तिथे लंडनहून लोवेन्थाल या नामवंत खेळाडूचं पत्र आलं. छापील डावांत पहिली चाल नेहमी पांढऱ्यांची दाखवावी, असं त्यात सुचवलेलं होतं. सूचना लगेच सर्वत्र रुजली नाही. पण १८८० च्या पाचव्या अमेरिकन परिषदेच्या नियमांत पहिली चाल चिठ्ठीने ठरेल आणि ती ज्याला मिळेल त्याने पांढऱ्यांनीच खेळावं, असं आलं. १८८९ मध्ये स्टाइनिट्झने आपल्या पुस्तकात नोंदवलं की सार्वजनिक सामन्यांत आणि स्पर्धांत हीच रीत आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कोणीतरी केवळ माहिती नीट मांडता यावी म्हणून एक संकेत ठरवतो, आणि पुढच्या पिढीला तो निसर्गनियम वाटू लागतो.

आता 'पहिली चाल' या हक्काला रंग चढला होता. तो डोळ्यांना दिसत होता, कागदावर नोंदता येत होता, मोजता येत होता. आणि जे मोजता येतं त्याच्या वाटपावरून तक्रार होणारच.

तक्ता: आधीच ठरलेला न्याय

दोघांचाच सामना असेल तर वाटप सोपं. एकदा चिठ्ठी टाकायची आणि मग आळीपाळीने खेळायचं. दहा जणांची साखळी स्पर्धा असेल तर? प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे ४५ डाव, नऊ फेऱ्या. दर डावाला चिठ्ठी टाकली तर एखाद्याच्या वाट्याला सात वेळा काळ्या येऊ शकतात. चिठ्ठी पक्षपाती नसते, पण तिला मागचं काही आठवतही नसतं.

यावर उपाय शोधला रिखार्ड शुरिश याने. १८८६ मध्ये त्याने जोड्यांचे तक्ते तयार केले. ते प्रसिद्धीला आले ऑस्ट्रियाच्या योहान बेर्गर याने आपल्या वार्षिकांत छापल्यावर, म्हणून आजही नाव बेर्गरचंच चालतं. (कँटीनमधल्या बर्गरशी संबंध नाही.) चार खेळाडूंचा तक्ता इतका लहान आहे की इथेच लिहिता येतो. ज्याचा क्रमांक आधी, त्याला पांढऱ्या:

पहिली फेरी: १ विरुद्ध ४, २ विरुद्ध ३.
दुसरी फेरी: ४ विरुद्ध ३, १ विरुद्ध २.
तिसरी फेरी: २ विरुद्ध ४, ३ विरुद्ध १.

मोजून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाला दोनदा पांढऱ्या, एकदा काळ्या. तिसऱ्या आणि चौथ्याला उलट. हा तक्त्याचा दोष नव्हे. प्रत्येकाला तीन डाव खेळायचे असतील तर तीनाचे दोन सारखे भाग होतच नाहीत. खेळाडूंची संख्या सम असली की प्रत्येकाच्या वाट्याला विषम डाव येतात आणि अर्ध्या लोकांना एक काळा जास्त पडतो. संख्या विषम असेल तर मात्र वाटणी चोख होते. वरच्याच तक्त्यातून चौथा खेळाडू काढून टाका. उरलेल्या तिघांना एकेक पांढरा आणि एकेक काळा डाव मिळतो.

म्हणजे अन्याय पूर्ण काढून टाकता येत नाही, पण तो एका डावापुरता आखून ठेवता येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो आधी जाहीर होतो. स्पर्धेपूर्वी क्रमांकाची चिठ्ठी उचलली की पुढचं सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं. मध्ये कोणाच्या मर्जीला जागाच नाही.

स्विस: जोड्या लावायच्या, पण मागचं लक्षात ठेवून

तक्त्याची अडचण अशी की शंभर मुलं आली तर ९९ फेऱ्या खेळवाव्या लागतील. आमच्या सभागृहाचं भाडं दिवसावर होतं. बाद पद्धत घेतली तर अर्धी मुलं पहिल्या तासाभरात घरी, आणि चिपळूणहून एसटीने आलेल्या बापाला हे काय समजवणार?

यातून वाट काढली स्वित्झर्लंडमधल्या ब्रुगच्या युलियस म्युलर नावाच्या शिक्षकाने. १८९५ मध्ये झ्युरिकच्या स्पर्धेत त्याची पद्धत पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून ती 'स्विस'. आपल्याकडे 'स्विस लीग' म्हणतात. तत्त्व साधं आहे. कोणीही बाद होत नाही. दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावायच्या, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही. सात फेऱ्यांत शंभरएक खेळाडूंतून पहिला निवडता येतो, आणि शेवटचा मुलगाही सातही फेऱ्या खेळूनच घरी जातो. गावोगावच्या स्पर्धा आज उभ्या आहेत त्या या मास्तरांच्या कल्पनेवर.

पण इथे तक्ता चालत नाही. दुसऱ्या फेरीत कोण कोणाशी खेळणार हे पहिली फेरी संपल्याशिवाय कळतच नाही. रंग आधी वाटून ठेवता येत नाहीत. मग काय करायचं? प्रत्येकाच्या मागचा हिशेब ठेवायचा. सरांच्या हातातली ती कार्डं म्हणजे हाच हिशेब होता: नाव, क्रमांक, कोणाशी खेळला, कुठल्या रंगाने, किती गुण. चिठ्ठीला मागचं आठवत नाही, तक्त्याला आठवण्याची गरज नाही, आणि स्विस पद्धत तर स्मरणाशिवाय चालूच शकत नाही. पांढऱ्या कोणाला हे आधी माणूस ठरवायचा, मग नशीब, मग तक्ता. आता ठरवते ती प्रत्येकाच्या नावाची नोंदवही.

आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिडेची, जी 'डच' पद्धत सर्वाधिक वापरात आहे तिच्यात ही नोंदवही बारकाईने वाचली जाते. प्रत्येकाचा हक्क तीन पायऱ्यांवर मोजतात. तुमचे काळे-पांढरे सारखे झाले असतील तर मागच्या फेरीच्या उलटा रंग हवा, हा सौम्य हक्क. एकाचा फरक असेल तर जोरदार हक्क. आणि फरक दोनाचा झाला, किंवा सलग दोन वेळा एकच रंग आला, तर पक्का हक्क, तो मोडायचा नाही. एकच रंग सलग तीनदा द्यायचा नाही, आणि काळ्या-पांढऱ्यांतला फरक दोनापलीकडे जाऊ द्यायचा नाही.

हा नियम किती कडक असावा? एकाच रंगाचा पक्का हक्क असलेल्या दोघांची जोडीच लावत नाहीत, मग ते पहिल्या दोन पटांवरचे आघाडीवीर का असेनात. सवलत फक्त शेवटच्या फेरीत, तीही ५० टक्क्यांहून जास्त गुण असलेल्यांना गुंतवणाऱ्या जोडीसाठी, कारण तिथे विजेता ठरायचा असतो. म्हणजे रंगाचा न्याय इतका मोठा मानला आहे की कोण कोणाशी लढणार हेही तो बदलतो.

आज हे काम लॅपटॉप करतो. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ हेर्झोग यांचा 'स्विस मॅनेजर' भारतातल्या बहुतेक पंचांच्या लॅपटॉपवर असतो. मी ज्या खुल्या प्रोग्रामचा कोड वाचला त्यात हा प्रश्न आलेखातल्या जोड्यांचा प्रश्न म्हणून सोडवलेला आहे. प्रत्येक शक्य जोडीला वजन द्यायचं आणि एकूण वजन सर्वांत जास्त होईल अशा जोड्या निवडायच्या. ज्या गणिताने हे झटपट होतं ते जॅक एडमंड्सने १९६५ मध्ये मांडलं. सरांना जे जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास लागायचं ते आता डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. निर्णय मात्र तोच.

शेवटचं कलम

आता माझ्या तक्रारीकडे येऊ. समजा पहिल्या फेरीनंतर चार विजेते एका गटात आहेत. तिघे काळ्यांनी जिंकले, एक पांढऱ्यांनी. तिघांना आता पांढऱ्या हव्यात. कशाही जोड्या लावा, एक जोडी जुळेल आणि दुसऱ्या जोडीत दोघांचा हक्क सारखाच निघेल. उलटफेर झाले की असं होतंच, आणि त्या दिवशी उलटफेर करणाऱ्यांत मीही होतो.

मग नियम पायरीपायरीने उतरतो. दोघांनाही हवा तो रंग देता येतो का? नाही. कोणाचा हक्क जास्त जोरदार आहे? सारखाच. मागे जाऊन बघा, अशी कुठली फेरी होती का जिथे एकाला पांढऱ्या आणि दुसऱ्याला काळ्या होत्या? असल्यास तिच्या उलट करा. तीही नाही. सगळे न्याय संपल्यावर शेवटचं कलम येतं: ज्याचा क्रमांक वर, त्याच्या मनासारखं करा.

क्रमांक आधी गुणांवर ठरतो, ते रास्तच आहे. पण गुण सारखे असतील तर सुरुवातीची यादी बघतात, आणि ती यादी मानांकनावर लागते. मानांकन मिळायचं तर मानांकित स्पर्धा खेळाव्या लागतात. २००८ मध्ये त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागे, म्हणजे प्रवेश फी, एसटी, लॉजचं भाडं आणि वडिलांच्या दोन रजा. ज्यांना मानांकनच नाही त्यांची यादी, वेगळं काही जाहीर केलेलं नसेल तर, इंग्रजी आद्याक्षरांवर लागते. म्हणजे दोन बिनमानांकित मुलांचा हक्क अगदी समसमान असेल तर आंबेकरला पांढऱ्या आणि सुर्व्याला काळ्या. कोकणात सावंत, शिंदे, साळवी, सुर्वे किती, याची मोजदाद वाचकांनीच करावी.

आणखी एक गंमत कोड वाचताना लक्षात आली. ज्या मानांकनावर हे शेवटचं कलम टेकलेलं आहे, त्या मानांकनाच्या गणितात रंगाला जागाच नाही. तुम्ही काळ्यांनी हरलात की पांढऱ्यांनी, गुण सारखेच कापले जातात. म्हणजे जोड्या लावणारी वही रंग विसरत नाही, आणि ती वही ज्या दुसऱ्या वहीला विचारते तिला रंग ठाऊकच नाही.

म्हणून हा अन्याय आहे का? मी बराच काळ 'हो' म्हणायचो. आता माझं उत्तर जरा लांब आहे. काही ना काही शेवटचं कलम लागतंच, नाहीतर पंचाच्या मर्जीला दार उघडतं, आणि छोट्या गावात पंचाची मर्जी म्हणजे कोणाचा मुलगा कोणाच्या ओळखीचा. क्रमांकाचं कलम निदान भिंतीवर लिहिता येतं. शिवाय वहीला आठवण आहे. दोनदा काळ्या आल्यावर तिसऱ्या फेरीत मला पांढऱ्या मिळणं हा पक्का हक्क झाला होता, आणि त्या मिळाल्याही. नियमाने माझ्यावर केलेलं कर्ज पुढच्याच फेरीत फेडलं. अगदी शेवटीही थोडी भरपाई होऊ शकते. गुण सारखे झाल्यावर क्रम लावण्याच्या फिडेच्या निकषांत, काळ्यांनी जास्त डाव खेळणारा आणि काळ्यांनी जास्त डाव जिंकणारा, असे दोन निकष आहेत. आयोजकांनी ते निवडायला हवेत, एवढंच.

पण एक गोष्ट खटकते ती खटकतेच. ज्या खेळात पहिली चाल एकेकाळी दुबळ्याला दिली जायची, त्या खेळात सगळे हक्क समसमान झाल्यावर ती आता बलवानाला जाते. हे कलम उलटं लिहिलं असतं तरी यंत्र तितकंच चोख चाललं असतं. कोडमध्ये एका चिन्हाचा फरक आहे. 'मोठा' ऐवजी 'लहान'.

काळ्यांनी जिंकलेले

एवढं सगळं लिहिल्यावर, काळ्या आल्या म्हणजे सगळं संपलं असं कोणाला वाटू नये म्हणून तीन डाव नोंदवतो. २०१० मध्ये सोफियात आनंद आणि टोपालोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत बाराव्या, शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होती. शेवटच्या डावात पांढऱ्या टोपालोव्हकडे होत्या, जिंकला आनंद. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला चौदाव्या डावात पांढऱ्या डिंग लिरेनकडे होत्या, जगज्जेता झाला गुकेश. आणि जुलै २०२५ मध्ये बटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध निर्णायक जलद डाव आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, तोही काळ्यांनी. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.

मागच्या मे महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा एका स्पर्धेत पंचांच्या मदतीला लॅपटॉप घेऊन बसलो. दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या आणि पाचेक मिनिटांत एक मुलगी टेबलापाशी आली. नऊ-दहा वर्षांची, लांज्याहून आलेली, हातात पाण्याची बाटली.

"दादा, मला परत काळ्या का?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिची ओळ दाखवली, समोरच्या मुलाची ओळ दाखवली. दोघांनाही पांढऱ्या हव्या होत्या हे तिला लगेच कळलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, जो विचारायचं अकराव्या वर्षी मला सुचलं नव्हतं.

"पण मग त्यालाच का?"

"त्याचा नंबर वर आहे," मी म्हणालो. सरांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं. आजोबांचंही ओठांवर आलं होतं, पण नियमपुस्तकात ते नव्हतं. "पुढच्या फेरीत तुला पांढऱ्या नक्की. कोणीही समोर असलं तरी."

"नक्की?"

"नक्की. याला सगळं आठवतं." मी लॅपटॉपकडे बोट केलं.

तिने एकदा लॅपटॉपकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पटावर जाऊन काळा राजा त्याच्या घराच्या बरोबर मधोमध सरकवून बसली.